अनुदान घेतलेल्या कलावंताला देणे लागते ते कोणाचे?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

नमस्कार. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चालणाऱ्या हौशी नाट्यसंस्थेचा मी कार्यवाह आहे. गेल्या महिन्यात आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून झाला, सूचक आणि अनुमोदक यांची नावे पुकारली गेली, आणि तेवढ्यात आमच्या संगीत नाटकाला साथ करणारे ज्येष्ठ तबलजी उभे राहिले. त्यांनी शांतपणे विचारले की, संस्थेला अनुदान मिळाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले, माझ्या सहा प्रयोगांची बिदागी मात्र मला मिळालेली नाही, तर त्या पैशांत माझा वाटा धरला होता की नाही? सभेत कोणीच बोलले नाही. हिशेब मी लिहिला होता आणि तो चोख होता. नेपथ्याच्या लाकडाची पावती होती, प्रकाशयोजनेच्या भाड्याची होती, टेम्पोची होती, नाट्यगृहाच्या भाड्याची होती. तबल्याची पावती नव्हती, कारण तबलजी आमचे ‘घरचे’ होते. घरच्या माणसाकडून पावती कशी घ्यायची या संकोचात आम्ही त्यांना पैसेही दिले नव्हते.

दुसरी गोष्ट सभेत कोणी विचारली नाही, पण ती मला ठाऊक आहे. अर्जात आम्ही ‘ग्रामीण भागात चार प्रयोग’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात दोन झाले, आणि तेही जिथे आमच्या सभासदांचे नातेवाईक आहेत आणि शाळेचे सभागृह फुकट मिळते अशा दोन गावांत. उरलेले दोन ‘पावसामुळे होऊ शकले नाहीत’ असे मी अहवालात लिहिले. पाऊस आला होता हे खरे, पण पावसानंतरही आम्ही गेलो नाही.

म्हणून हा धागा काढतो आहे. अनुदानावरची आपली चर्चा बहुधा दोनच टोकांवर अडकते: अनुदान वेळेवर मिळत नाही, आणि अनुदान वशिल्याने मिळते. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु ज्याला ते मिळाले, त्याच्यावर नेमके काय बंधन येते, यावर आपण फारसे बोलत नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभ आश्रयातूनच झाला. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला तो संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेने आणि पाठबळाने. त्याच घटनेच्या स्मरणार्थ आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, दरबारचा हात आखडला, आणि भावे यांना मंडळी घेऊन परमुलखात जावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दहा वर्षांच्या आत मराठी नाटकाने आश्रयदाता आणि तिकीट काढणारा प्रेक्षक असे दोन्ही धनी पाहिले. त्या दोन्ही व्यवस्थांत पैसे देणारा समोर बसलेला असे, त्यामुळे देणे कोणाचे लागते हे नटाला विचारावे लागत नसे.

आज तसे नाही. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून किंवा नगरपालिकेकडून जी रक्कम येते ती ज्यांच्या करातून उभी राहते, त्यांतल्या बहुतेकांनी आमचे नाटक पाहिलेले नाही आणि पाहण्याची संधीही त्यांना मिळालेली नाही. आमच्या भागात ऊस तोडायला बीडकडून येणारे कुटुंब साबणाची वडी घेते तेव्हा कर भरतेच. त्या कुटुंबाच्या पैशातला काही अंश आमच्या नेपथ्याच्या लाकडात गेला आहे असे मी मानतो, आणि ते कुटुंब आमच्या गावाबाहेरच्या तळावर चार-पाच महिने राहत असूनही आमचा एकही प्रयोग तिथे झालेला नाही.

माझे मत असे आहे की अनुदान देणाऱ्या कार्यालयाचे देणे हिशेब आणि अहवाल दिला की फिटते. ज्यांनी घाम गाळला त्या सहकाऱ्यांचे आणि ज्यांच्या करातून पैसा आला त्या लोकांचे देणे मात्र त्या कागदांनी फिटत नाही. या कामाशी संबंध असलेल्या सर्वांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

ताळेबंद

तिसरी घंटा यांनी आपल्याच हिशेबाबद्दल उघडपणे लिहिले, याबद्दल त्यांचे आभार. गेली अनेक वर्षे मी सांस्कृतिक संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडील बहुतेक नाट्यसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. म्हणजे कार्यकारिणीचे सदस्य हे कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त असतात आणि दरवर्षी तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. अनुदान आले की याच्या जोडीला उपयोगिता प्रमाणपत्र येते. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी ते २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नमुना १२-अ मध्ये द्यावे लागते. त्या प्रमाणपत्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी ती खर्च झाली, आणि शिल्लक राहिली ती इतकी. अनेक कार्यवाह हा कागद सनदी लेखापालाच्या टेबलावर वर्षअखेरीस ठेवतात आणि सही झाली की विसरतात. वास्तविक ती सही संस्थेच्या वतीने दिलेली शपथ आहे, असे मी मानतो.

तबलजींच्या प्रश्नातली अडचण मला रोज दिसते. पावती ज्याची मिळते तो खर्च आधी भागवला जातो. लाकूडवाला, टेम्पोवाला, छापखाना हे पावती देतात आणि पैशासाठी दारातही उभे राहतात. माणसाच्या श्रमाला पावती नसते आणि ‘घरचा’ माणूस तगादा लावत नाही. यावर उपाय साधा आहे. अनुदानाचे खाते कीर्दीत वेगळे ठेवावे, अंदाजपत्रकातच प्रत्येक कलाकाराचे आणि तंत्रज्ञाचे मानधन नावानिशी लिहावे, तालमींचे मस्टर (हजेरीपट) ठेवावे, आणि मानधन कितीही लहान असले तरी ते बँकेतूनच द्यावे. ज्याला मानधन नको असेल त्याने ते खात्यात घेऊन नंतर संस्थेला देणगी द्यावी आणि देणगीची पावती घ्यावी. म्हणजे त्याचे औदार्यही कागदावर राहील आणि त्याच्या नावाखाली दुसऱ्याचे पैसे बुडणार नाहीत.

आता एक कटू गोष्ट. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला दरमहा १५,००० रुपये आणि प्रौढ शिष्याला १०,००० रुपये मिळतात, आणि रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात जावी असा त्या योजनेचा हेतू आहे. हा हेतू उत्तम आहे. तरीही माझ्याकडे तपासणीला आलेल्या एका संस्थेतील तरुण कलाकाराने मला बाजूला घेऊन सांगितले की, खात्यात पैसे आले की त्यातला मोठा भाग काढून संस्थाचालकाला रोख परत द्यावा लागतो. कागदावर सर्व काही नियमांत होते. मी ते काम सोडले. त्या मुलाला त्याचा काही उपयोग झाला नाही, याची खंत मला अजून आहे.

पेटारा

मी सिंधुदुर्गातला आहे आणि आमच्या घरात दशावतार तीन पिढ्यांचा आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटले, पण हौशी नाटकाची मोजपट्टी लोककलेला जशीच्या तशी लावता येत नाही, हे सांगणे आवश्यक वाटते.

अनुदानाच्या अर्जात संहिता जोडा असे म्हणतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून जमवले जातात; म्हणूनच तो दशावतार आहे. काही मंडळ्यांनी अनुदानासाठी संहिता लिहून घेतल्या आणि पुढे तरुण नट त्या पाठ करू लागले. ज्या कलेच्या जतनासाठी पैसा आला, तिचा कणाच त्या कागदाने वाकवला. अशा वेळी कलावंताची जबाबदारी कागद पुरवण्याची की कार्यालयात जाऊन ‘हा कागद आमच्या कलेत नसतो’ असे ठामपणे सांगण्याची? माझ्या मते दुसरी.

राज्य शासनाच्या योजनेत तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा प्रयोगात्मक कलांना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान असे दोन प्रकार आहेत. भांडवली अनुदानातून सामान येते. नवे ध्वनिक्षेपक आले, प्रकाश आला, पोशाख चकचकीत झाले. त्याच रंगमंचावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या नटाची ‘नाईट’, म्हणजे एका रात्रीच्या खेळाचा मोबदला, मात्र होती तिथेच राहिली, असे मी पाहिले आहे. कंपनीचा मालक वाईट असतो असे नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात, त्याआधी त्याला नटांना उचल द्यावी लागते, गाडी दुरुस्त करावी लागते, आणि त्यासाठी तो सावकाराकडे जातो. अनुदान हंगाम संपल्यावर हातात पडते तेव्हा ते आधी व्याजात जाते. तमाशाच्या फडांचीही हीच तऱ्हा आहे; नारायणगावच्या राहुट्यांमध्ये सुपाऱ्या घेणाऱ्या फडमालकाने कलावंतांना दिलेली उचल दसऱ्यापूर्वीची असते. त्यामुळे ‘अनुदान घेतलेत, आता नटांना वाढवून द्या’ असे सांगताना ते अनुदान कोणत्या महिन्यात मिळाले, हेही विचारावे.

हे सर्व सांगितल्यानंतर आमच्या बाजूची चूकही लिहितो. जत्रेतला खेळ देवापुढचा असतो, म्हणून त्यात आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, होतो, संकासूर येतो, गणपती येतो. शासकीय महोत्सवात वेळ चाळीस मिनिटे असते, म्हणून आम्ही तो भाग कापतो आणि युद्धाचे नाच वाढवतो. टाळ्या पडतात. पुढे जत्रेतही तोच कापलेला खेळ होऊ लागला आहे. कार्यालयाने आम्हांला तो भाग कापण्याचा आदेश कधीच दिला नव्हता. वडिलांच्या काळातले आडदशावतारातले श्लोक म्हणणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि अनुदान घेणाऱ्या एखाद्या तरी मंडळीने त्यांतल्या एकाला वर्षभर घरी ठेवून दोन मुलांना ते शिकवले असते, तर त्या पैशाचे सार्थक झाले असते असे मला वाटते. आमच्या मंडळीनेही ते केले नाही.

वडसावाला

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते नम्रपणे मांडतो. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. देसाईगंज-वडसा इथे नाटक कंपन्यांची कार्यालये रांगेने आहेत. धान निघाले, दिवाळी झाली, की गावोगावच्या मंडई (जत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने नाटके सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. गावातले मंडळ कंपनी ठरवते, तिकीट लावते, मंडपात हजारो माणसे रात्रभर बसतात. नटाची नाईट आधी ठरते आणि प्रयोगानंतर मिळते, कारण मिळाली नाही तर दुसऱ्या रात्री तो दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसलेला असतो. ही रंगभूमी मुख्यतः तिकिटावर जगते.

अनुदानामुळे नाटक करणाऱ्याची मान प्रेक्षकाकडून कार्यालयाकडे वळते, ही माझी भीती आहे. तिसरी घंटा यांचे दोन प्रयोग राहिले तेव्हा कोणाचेही काही अडले नाही, हेच पाहा. आमच्याकडे ठरलेला प्रयोग झाला नाही तर गाव कंपनीला जाब विचारते आणि पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आणते. जबाबदारी ही सभ्य माणसाच्या मनावर सोडण्यापेक्षा व्यवहारात बांधलेली बरी.

तिसरी घंटा

वडसावाला, आपला मुद्दा मला लागला आणि तो खरा आहे. तरी एक विचारतो. हजारो माणसांचा मंडप ज्या नाटकाला भरत नाही ते नाटक होऊच नये काय? आमच्या संगीत नाटकाला एका प्रयोगाला दीडशे माणसे येतात. ऑर्गन वाजवणारा, नाट्यपदे गाऊ शकणारा नट, दोन अंकांत बदलणारे नेपथ्य, हे दीडशे तिकिटांत बसत नाही. अनुदान त्यासाठीच आहे. परंतु तिकिटाचा धाक नाही म्हणून आमच्यावर दुसरे काहीतरी बंधन असलेच पाहिजे, आणि ते आम्हीच स्वतःवर घालून घ्यायचे आहे, इथपर्यंत मी आपल्यामुळे आलो.

पेटारा यांनी लिहिलेल्या कापलेल्या आडदशावताराबद्दल वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. आम्हीही स्पर्धेच्या वेळेत बसवण्यासाठी सहा पदे गाळली होती, आणि ती पुन्हा घेतलेली नाहीत.

साधा प्रेक्षक

सरकारचा पैसा घ्यायचा आणि रंगमंचावरून सरकारलाच नावे ठेवायची, हे मला योग्य वाटत नाही. जबाबदारीचा विषय आहे म्हणून लिहिले. ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे.

नवलेखिका

साधा प्रेक्षक यांनी जे लिहिले ते अनेकांच्या मनात असते, त्यामुळे त्याला आदराने उत्तर देते. माझे पहिले पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून आले. हे मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. मंडळाच्या साह्याने निघणाऱ्या पुस्तकांत, या पुस्तकातील मतांशी मंडळ आणि शासन सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची ओळ छापलेली आपण पाहिली असेल. पुष्कळजण ती ओळ हात झटकण्याची म्हणून वाचतात. मी ती उलट्या बाजूने वाचते. देणाऱ्याने त्या ओळीत लिहून दिले आहे की, मत तुझे आहे आणि पैसा देऊन आम्ही ते विकत घेतलेले नाही.

मीठ कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. मंत्री आणि अधिकारी हे त्या पैशाचे राखणदार आहेत, धनी नव्हेत. धनी आपण आहात, साधा प्रेक्षक, आणि आपल्यासमोर खरे बोलणे हेच आपल्या मिठाला जागणे आहे. लेखकाने राखणदाराची स्तुती करायला घेतली तर ती धन्याची फसवणूक होईल. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला वाङ्मय पुरस्कार रद्द केला आणि परीक्षण समितीही बरखास्त केली. त्यानंतर काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले, काहींनी आपले पुरस्कार नाकारले. पुरस्कार आणि अनुदान या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळते, परंतु त्या वेळी मी स्वतःला विचारले की माझ्या पुस्तकाचे साह्य मागे घेतले असते तर मी काय केले असते. रक्कम परत केली असती आणि पुस्तक तसेच ठेवले असते, हे उत्तर मला सापडले. ते आधीच ठरवून ठेवणे हीसुद्धा अनुदान घेणाऱ्याची जबाबदारी आहे, असे मला वाटते, कारण प्रसंग येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो. नाटकवाल्यांना तर संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र अगोदरच घ्यावे लागते. अनुदानाच्या निमित्ताने आणखी एक चाळण त्यांनी स्वतःच्या मनात बसवून घेऊ नये.

माझी चूक दुसरीकडे झाली. पुस्तक आले, प्रकाशन समारंभ झाला, छायाचित्र छापून आले, आणि उरलेल्या प्रती गठ्ठ्यांत पडून राहिल्या. वर्षभराने एका गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीच्या, ग्रंथालयात गेले असता तिथल्या ग्रंथपाल बाईंनी, तुमचे पुस्तक आमच्याकडे का नाही, असे सहज विचारले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी उभी राहिलेली ही वाचनालये अनुदानावरच चालतात. म्हणजे लोकांच्या पैशाने पुस्तक छापले गेले, लोकांच्याच पैशाने वाचनालय चालले, आणि दोघांच्या मधले पंचवीस किलोमीटर मी ओलांडले नव्हते. त्यानंतरच्या सुट्ट्यांत मी तालुक्यातल्या वाचनालयांना प्रती नेऊन दिल्या. तीन ठिकाणी मुलींनी थांबवून घेतले आणि लिहिण्याबद्दल विचारले. त्यांतली एक आता आपल्या हस्तलिखिताची नीट प्रत करते आहे. पुढच्या वर्षी ती याच योजनेत अर्ज करणार आहे.

साधा प्रेक्षक

आपले उत्तर दोनदा वाचले. राखणदार आणि धनी हा फरक मी केला नव्हता. मत पूर्ण बदलले असे म्हणत नाही, कारण कृतज्ञता नावाची गोष्ट असते असे मला अजून वाटते. पण ती कोणाविषयी असावी याचा विचार करतो.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांसाठी खेड्यापाड्यांतली मंडळे महिनोन्महिने तालमी करतात. संध्याकाळी कामावरून येऊन देवळाच्या मंडपात तालीम करणारी ही माणसे पाहिली की आदर वाटतो. पण स्पर्धेतला प्रयोग झाला की बहुतेक नाटके तिथेच संपतात. महाराष्ट्रातही १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतल्या नाटकांचे हेच होते, असे तिथले मित्र सांगतात. नाटक पाहतात ते परीक्षक, प्रतिस्पर्धी संस्थांची माणसे आणि घरचे लोक.

आमच्या मंडळाने चार वर्षांपूर्वी एक नियम केला. स्पर्धेला जाण्याच्या आधी नाटकाचा प्रयोग स्वतःच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, झालाच पाहिजे, आणि स्पर्धेनंतर शेजारच्या दोन गावांत. पहिल्या वर्षी आमच्याच दिग्दर्शकाचा विरोध होता, कारण नाटकातला नवेपणा स्पर्धेआधी फुटेल अशी त्याला भीती वाटली. वाड्यावरच्या प्रयोगात एका म्हाताऱ्या बाईंनी उठून सांगितले की, शेवटच्या प्रवेशातली ती बाई काय बोलते ते ऐकूच येत नाही. खरोखरच ऐकू येत नव्हते, आणि तीन महिने तालीम करूनही आमच्यापैकी कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते.

ताळेबंद

एक पुरवणी. अनुदानाची कागदपत्रे गुप्त असतात असा समज आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. ज्या संस्थेला शासनाचे भरीव अर्थसाह्य आहे ती संस्था स्वतःच त्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि लहान संस्था येत नसली तरी तिने शासकीय कार्यालयात दिलेले अर्ज, अहवाल आणि प्रमाणपत्रे कार्यालयाकडे मागता येतात. तेव्हा कोणीतरी मागेल याची वाट पाहण्यापेक्षा संस्थेने स्वतःच प्रयोगाच्या ठिकाणी एक पानाचा हिशेब लावावा: किती मिळाले, कशासाठी मिळाले, माणसांना किती दिले, सामानाला किती गेले, कबूल केलेले प्रयोग किती आणि झालेले किती. प्रवेशद्वारापाशी प्रायोजकांचे फलक लावायला जागा असते, तिथे हा कागदही मावेल.

वयोवृद्ध कलावंतांच्या मासिक मानधनाचा विषय कोणी काढण्याआधी सांगतो, की तो या चर्चेत मिसळू नये. राज्याने २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये केले आहे. ते आयुष्यभराच्या सेवेबद्दल आहे. त्याच्या बदल्यात त्या माणसाकडून कसलीही अपेक्षा ठेवणे मला गैर वाटते. त्यात जबाबदारी आहे ती शिफारसपत्रे देणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांची. ज्याने कधी रंगमंच पाहिला नाही त्याला आपण ओळखीखातर पत्र देतो, तेव्हा एखाद्या खऱ्या म्हाताऱ्या शाहिराची जागा जाते.

पेटारा

शिफारसपत्राबद्दल लिहिलेत ते बरे झाले. आमच्या भागात एका मृदंगवादकाचा अर्ज दोनदा परत आला, कारण त्याच्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हते. तो चाळीस वर्षे वाजवत होता, आणि तेवढ्या वर्षांत त्याचे नाव असलेला एकही कागद आमच्या मंडळीने केला नव्हता. ताळेबंद म्हणतात ते मस्टर असते, तर त्याचा अर्ज परत आला नसता. हिशेबाचा कागद म्हणजे कार्यालयाची कटकट, असे मी आजवर समजत होतो.

तिसरी घंटा

मध्ये काही दिवस लिहू शकलो नाही. या धाग्याची छापील प्रत मी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचली. तबलजींच्या सहा प्रयोगांची बिदागी त्यांच्या खात्यात जमा केली आहे. ती अनुदानातून देता येत नव्हती, कारण ते वर्ष संपले आणि प्रमाणपत्रही गेले, म्हणून सभासदांनी वर्गणी काढून दिली. राहिलेल्या दोन प्रयोगांबद्दल मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहून, अहवालातले पावसाचे कारण अपुरे होते आणि प्रयोग आम्ही स्वखर्चाने करू, असे कळवले आहे. त्यातला एक प्रयोग साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर करायचा ठरले. तिथे रंगमंच नाही, ऑर्गन नेता येणार नाही, पेटीवर भागवावे लागेल. तोडणीची माणसे पहाटे निघतात, त्यामुळे खेळ रात्री नऊच्या आत संपवावा लागेल. गाळलेली सहा पदे त्या प्रयोगात बसणार नाहीत; ती गावातल्या पुढच्या प्रयोगात घेऊ.

तबलजींना पैसे मिळाल्याचे सांगायला मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी खात्याचे पुस्तक बाजूला ठेवून विचारले की, नटांची लुगडी धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या बाईंना गेल्या तीन वर्षांत काही दिले आहे का? मला माहीत नव्हते. कीर्द काढून पाहिली. त्यांचे नाव कुठेही नाही, आणि प्रत्येक प्रयोगाला त्या विंगेत उभ्या असतात हे मी स्वतः पाहिलेले आहे. कार्यकारिणीची पुढची बैठक येत्या रविवारी बोलावली आहे आणि सूचनेत एकच विषय लिहिला आहे: मागील तीन वर्षांत ज्यांनी काम केले आणि ज्यांचे नाव हिशेबात नाही, अशा सर्वांची यादी करणे.